मुंबईत समुद्राजवळ लग्न आणि पाहुणे बाहेरगावचे: सारखे विचारले जाणारे प्रश्न

पोरं म्हणाली समुद्राजवळ लग्न करायचं, घरच्यांनी हो म्हटलं, आणि आता नागपूर-कोल्हापूर-पुण्याची मंडळी, शिवाय दोनचार परदेशातले, या सगळ्यांना शुक्रवार ते रविवार मुंबईत सांभाळायचंय, अशा घरांसाठी हे लिहिलंय. स्टेज, फुलं, फोटोग्राफर हे माझं खातं नाही, मी फक्त पाहुण्यांचं बघते, म्हणजे कोण कुठे उतरणार, कुठे झोपणार आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत हॉलमध्ये पोचणार की नाही एवढंच.

आम्ही मुंबईतच राहतो, मग हे डेस्टिनेशन वेडिंग कसं काय?

तुम्ही राहता हो, पाहुणे कुठे राहतात? त्यांच्यासाठी ती तीन दिवसांची ट्रिपच आहे. आणि रिसॉर्टमधल्या लग्नापेक्षा ही अवघड, कारण रिसॉर्टमध्ये माणूस एकदा आत शिरला की बॅगा उचलूनच बाहेर पडतो, इथे मात्र हळद अंधेरीला मावशीच्या सोसायटीत, संगीत वरळीला, लग्न ठाण्याला असं काहीतरी घरचे ठरवून मोकळे होतात, त्यांना ती अंतरं अंगवळणी पडलेली असतात, आणि सांगलीचे काका शनिवारचा अख्खा दिवस हायवेवर गाडीत बसून काढतात. म्हणून माझं पहिलं आणि जवळजवळ एकच म्हणणं असतं: पाहुण्यांच्या खोल्या आणि सगळे कार्यक्रम एकाच उपनगरात, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांच्या आत. हॉल थोडा कमी भारी मिळाला तरी चालेल. खालची बरीच उत्तरं फिरून फिरून इथेच येणारेत, आधीच सांगून ठेवते.

तारीख कोणती धरावी?

तुळशीचं लग्न झालं की फेब्रुवारीपर्यंत. हवा बरी असते, घाम कमी, संध्याकाळी समुद्रावर बसवतं. पौषात बरीच घरं मुहूर्त धरत नाहीत आणि नाताळ ते एक जानेवारी किनाऱ्याजवळच्या हॉटेलांचे रेट विचारायचीही सोय नाही, त्यामुळे तो मधला तुकडा आपोआप बाद होतो. मे महिन्यात मुहूर्त ढीगभर असतात पण मुंबईच्या त्या दमट हवेत शालू नेसून होमासमोर बसणाऱ्या मुलीचा विचार करा जरा. जून ते सप्टेंबर तर किनाऱ्याचं नावच काढू नका, चातुर्मासामुळे तेव्हा तसंही कोणी फारसं लग्न काढत नाही.

दोन तारखा मी मुद्दाम तपासते. एक ६ डिसेंबर. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी लाखो माणसं दादरला येतात, आधीचे एकदोन दिवस धरून गाड्या, लॉज, शिवाजी पार्कचे रस्ते सगळं भरलेलं असतं, तेव्हा ज्यांचा हॉल दादर-माहीमला आहे त्यांनी हा आठवडा सोडावा. दुसरा जानेवारीचा तिसरा रविवार, मुंबई मॅरेथॉनचा. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, सी लिंक, माहीम असे रस्ते पहाटेपासून बंद, आणि तुमचा मुहूर्त सकाळचा असेल तर नवरदेवाची गाडी पण त्यातच अडकणार.

जुहू घ्यावं, मढ घ्यावं, की दादर-गिरगाव?

सरळ सांगायचं तर जुहू-पार्ले पट्टा नाहीतर दादर. जुहूला विमानतळ जवळ, रिक्षा मिळते, पार्ले-अंधेरी स्टेशनं हाताशी, आणि हॉटेलं सगळ्या खिशांची आहेत म्हणजे मित्रमंडळी आणि मामा-मामी एकाच भागात आपापल्या बजेटमध्ये राहू शकतात. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी, मराठी लग्नाची सवय असलेले हॉल, आणि संध्याकाळी पाहुण्यांना चालत चौपाटीवर नेता येतं. एक लक्षात ठेवा, रिक्षा वांद्र्यापर्यंतच, पुढे माहीमपासून खाली नाही, आणि सेंट्रलच्या बाजूला सायनपर्यंत. म्हणजे दादर-गिरगाव घेतलंत तर पाहुण्यांना टॅक्सी, बस, नाहीतर पायी.

मढचे बंगले फोटोत फार सुंदर दिसतात, आहेतही शांत. नकाशावर बघितलं तर वर्सोव्याच्या अगदी समोर, मध्ये फक्त खाडी. माणसाला वाटतं की अंधेरीला हॉटेल घेऊ आणि पलीकडे लग्न. पण गाडीने जायचं तर मालाडवरून मार्वे रोडने अख्खा वळसा, आणि लग्नाच्या शनिवारी तो वळसा किती वेळाचा होईल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. वर्सोव्याहून जेट्टीची बोट काही मिनिटांत पलीकडे सोडते, तरुण पोरांना मजा वाटते, पैठणी नेसलेल्या आत्याला नाही. गोराई-मनोरीचं तेच, बोट तरी घ्या नाहीतर भाईंदर-उत्तनवरून फिरून या. मढ-गोराई घ्यायचंच असेल तर पाहुणे तिकडेच मुक्कामाला ठेवा, रोज ने-आण करायची नाही, या एका अटीवर मी हो म्हणते.

मग अलिबागच का नको?

चालेल की, पण तेव्हा अलिबागचं लग्न करा, मुंबईचं नको. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडी चढवता येते, साधारण तासाभरात पलीकडे. गेटवेवरच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. घोळ कुठे होतो तर हळद मुंबईत आणि लग्न अलिबागला, किंवा रिसेप्शनला परत मुंबई, असे अर्धवट बेत करतात तिथे. शंभर माणसांना आहेर-बॅगांसकट बोटीत चढवणं-उतरवणं हे काम ज्याने केलंय तो पुन्हा हौसेने करत नाही.

मंडप थेट वाळूवर घालता येईल का?

किनारा सरकारी जागा आहे, कुणाच्या मालकीचा नाही, सीआरझेडचे म्हणजे किनारपट्टीसाठीचे नियम आहेत, परवानग्या एकापेक्षा जास्त ठिकाणच्या लागतात, आणि त्या सगळ्या मिळाल्या तरी चौपाटी पब्लिकची, लोक उभे राहून तुमचं कन्यादान बघणार, भेळवाला मागून जाणार. त्यापेक्षा किनाऱ्याला लागून ज्यांची लॉन किंवा गच्ची आहे अशी जागा बघा, समुद्र दिसतो, आवाज येतो, आणि कागदपत्रांचं त्यांना माहीत असतं.

आणि वाऱ्याचं कोणी बोलतच नाही. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून मंद असतो, दुपारनंतर समुद्रावरून जोरात सुटतो. अंतरपाट दोघांनी घट्ट धरला तरी फडफडतो, होमाचा धूर भटजींच्या तोंडावर, मुंडावळ्या गालावर. म्हणून उघड्यावरच करायचं तर सकाळचा मुहूर्त घ्या, आणि गोरज मुहूर्त असेल तर विधी आत, फोटो-वरमाला बाहेर. भटजींना आधी जागा दाखवून आणलीत तर तेच सांगतील कुंड कुठे ठेवायचं.

भरती-ओहोटी बघावी लागते का खरंच?

लागते, आणि याला ॲपपण लागत नाही. कोकणात चालतो तो हिशोब इथेही चालतो. कॅलेंडरवर तिथी बघायची, तिचे पाऊणपट करायचे, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, तर तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हाच हिशोब, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि पूर्ण भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता लग्नाला याचा उपयोग काय ते बघा. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. अष्टमीला तेव्हा पाणी वर आलेलं असणार, वाळूची पट्टी अरुंद, पन्नास माणसांचा ग्रुप फोटो विसरा. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, दुपारी पाणी पार वर येतं पण सूर्यास्ताला तेच पाणी लांब गेलेलं असतं, जुहूला मोकळी रुंद वाळू मिळते, फक्त ओली असते आणि समुद्राने जे काही आणून टाकलंय तेही तिथेच पडलेलं असतं, त्यामुळे फोटोग्राफरला आधी जाऊन जागा हेरू द्या. हिशोबाने तारीख ठरवा, नंतर अधिकृत टाइमटेबलवरून वेळ पक्की करा.

पोरांना पाण्यात सोडू नका, हे वेगळं सांगायला नको. मढकडच्या आक्सा बीचला तर अजिबातच नाही, तिथे बुडण्याच्या घटना वर्षानुवर्षं होतायत.

तीन दिवसांत किती कार्यक्रम ठेवायचे?

लोक भरपूर ठेवतात. शुक्रवारी मेंदी, शनिवारी सकाळी हळद, दुपारी पूल पार्टी, संध्याकाळी संगीत, रविवारी लग्न, रात्री रिसेप्शन. पाहुण्यांना तीन दिवस सारखे कपडेच बदलायला लावायचे का? मी सांगते शुक्रवारी संध्याकाळी मेंदी आणि साधं जेवण, जो जेव्हा पोचेल तेव्हा जेवेल. शनिवारी सकाळी हळद, मग दुपार पूर्ण मोकळी, आणि संध्याकाळी सीमांतपूजन आणि त्यालाच जोडून संगीत, म्हणजे विहीणबाईंचा मान पण होतो आणि गाणीबजावणी पण. रविवारी लग्न, आणि मुहूर्त सकाळचा निघत असेल तर तोच घ्या, म्हणजे जेवून लोक दुपारी तीन-चारला निघू शकतात. सोमवारी ऑफिस असलेल्या पुणेकरांना रविवारी रात्रीच्या रिसेप्शनचं आमंत्रण म्हणजे छळ आहे.

त्या मोकळ्या दुपारीत काही भरायचा मोह होईल, भरू नका. लग्नात खऱ्या गप्पा त्याच वेळात होतात.

पाहुणे "बघू, जमलं तर येऊ" म्हणतात, आकडा कसा काढायचा?

आपल्याकडे हो-नाही लेखी कळवायची पद्धतच नाही, फॉर्मची लिंक पाठवलीत तर मित्रमंडळी भरतील, मामा नाही भरणार. माणूस नेमा. वडिलांकडच्यांना फोन आत्या करेल, आईकडच्यांना मोठा मामा, मित्रांचं पोरगं स्वतः बघेल. आणि "येणार का" विचारायचंच नाही, "तिकीट कुठल्या गाडीचं काढलंत" असं विचारायचं, त्या उत्तरावरून सगळं कळतं. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते, त्यामुळे तारीख तीन महिने आधी कळवा आणि बुकिंग उघडायच्या दिवशी ग्रुपवर आठवण टाका. पत्रिका नंतर छापून आली तरी काही बिघडत नाही.

खोल्यांचे पैसे कोणी द्यायचे? विचारायला अवघड वाटतं.

अवघड वाटतं म्हणून कोणी बोलत नाही आणि मग काउंटरवर तमाशा होतो. जुनी रीत अशी की वऱ्हाडाची राहायची सोय यजमानांकडे, त्यामुळे काका-मामा-आत्या या पिढीने असंच धरलेलं असतं की सोय आहे. त्यांच्या खोल्या तुम्हीच करा, दोनच रात्रींच्या करा पण करा. मित्र आणि ऑफिसवाले स्वतःचं करतात, त्यांना फक्त दोन-तीन हॉटेलांची नावं आणि ग्रुप रेट पाठवा. मेसेजमध्ये सरळ लिहा, "शुक्रवार-शनिवारची खोली आमच्याकडून, जास्त दिवस थांबणार असाल तर तेवढं तुम्ही बघा". कोणी रागावत नाही, खरंच.

खोल्या वाटायचं काम मात्र घरातल्या एखाद्या जुन्या बाईला विचारून करा. कोण घोरतं, कोणत्या दोन जावा बोलत नाहीत, हे एक्सेल शीटमध्ये नसतं.

पाहुण्यांनी कुठे उतरावं? दरवेळी वेगळंच स्टेशन सांगतात लोक.

ते खरंय. हॉल जुहू-पार्ल्याला असेल तर पुणे-कोल्हापूर-कोकणच्या गाड्यांना दादर सांगा, तिथून वेस्टर्नची लोकल किंवा टॅक्सी. सामान कमी असेल तर ठाण्याला उतरून घाटकोपरपर्यंत लोकल आणि तिथून मेट्रो १ ने अंधेरी, हा रस्ता मला फार आवडतो, ट्रॅफिकचा संबंधच नाही. नागपूरच्या काही गाड्या सीएसएमटीला येतात, काही एलटीटीला म्हणजे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, तिकिटावर बघून घ्यायचं. बसवाल्यांना "सायनला उतरा की कलानगरला" हे तुम्हीच ठरवून सांगा, कंडक्टरवर सोडू नका.

विमानाचं नवीन झंझट म्हणजे २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळही चालू झालाय. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून कोणीतरी तिथलं काढतं आणि मग उलवे-पनवेलहून जुहू गाठायचं म्हणजे वाचवलेले पैसे कॅबमध्ये जातात. पाहुण्यांना लिहून द्या, तिकिटावर बीओएम (मुंबई) बघा, एनएमआय (नवी मुंबई) नको. हॉल नवी मुंबईत असेल तर अर्थात उलटं.

मेट्रो ३ मात्र पाहुण्यांसाठी देवासारखी आली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू, मुंबई विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलला स्टेशन, दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी सगळं एका लाइनीत.

बाहेरगावच्यांना लोकलने पाठवावं का?

दुपारी बारा ते चारच्या मध्ये बेलाशक. सकाळी चर्चगेट-सीएसएमटीकडे जाणारी आणि संध्याकाळी विरार-कल्याणकडे जाणारी, या दोन्ही वेळा सोडून द्या. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, कुठल्या लाइनीला ते शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं, ज्याच्याकडे गाड्यांचं काम दिलंय त्याने ते बघून रात्रीच ग्रुपवर टाकायचं. आणि पहिल्यांदा येणाऱ्यासोबत घरातलं एक कॉलेजातलं पोरगं द्या, फास्ट-स्लो समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

संगीत रात्री किती वाजेपर्यंत चालेल?

उघड्यावर असेल तर दहा. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं पण ते सणावारांसाठी, तुमच्या भाच्याच्या डान्ससाठी नाही. बंद हॉलमध्ये आवाज आतल्या आत राहत असेल तर सवलत आहे. म्हणून लॉनवर साडेसहाला सुरू करा, म्हणजे आठला सुरू होईल, आणि दहानंतर आत जा. डीजे म्हणेल "मॅनेज करतो", त्याचं ऐकू नका, पोलीस आले की मॅनेज यजमानालाच करावं लागतं.

ड्रोन शूट?

जुहूला विसराच, विमानतळाच्या शेजारी आहात तुम्ही. बाकी ठिकाणी परवानगी असेल तरच.

जेवणात काय ठेवावं? समुद्र आहे म्हणून मासे?

लग्नाच्या पंगतीला आपलं नेहमीचंच, मसालेभात, अळूची भाजी, पुरी, जिलबी किंवा श्रीखंड, मठ्ठा. त्यात प्रयोग केले की मोठी माणसं उपाशी राहिल्यासारखं तोंड करतात. मासे शुक्रवारच्या रात्री ठेवा, ज्यांना हवे त्यांच्यासाठी वेगळ्या काउंटरवर, सुरमई, बोंबील, सोलकढी. नागपूरकरांना बोंबील आवडेलच असं नाही, पण खाऊन बघतात आणि वर्षभर बोलतात. तिथी बघताना एकादशी-संकष्टीही बघून ठेवा, साबुदाण्याची खिचडी ऐन वेळी होत नाही. आणि शनिवारी सकाळी उठून चहाच मिळाला नाही ही तक्रार मी प्रत्येक लग्नात ऐकते, हॉटेलचा ब्रेकफास्ट साडेसातला सुरू होतो आणि आपले आजोबा पाचला उठतात, त्यामुळे मजल्यावर चहाचा थर्मास ठेवायला सांगा.

आजी-आजोबांसाठी वेगळं काय बघायचं?

लिफ्ट, कमोड, आणि हॉलमध्ये आडवं व्हायला एक खोली. वाळूवर चालायला लावू नका, तोल जातो. जवळचं हॉस्पिटल कोणतं ते ग्रुपवर टाकून ठेवा, जुहू-पार्ल्याला कूपर आहे, ॲम्ब्युलन्सला १०८. बीपी-शुगरच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत नकोत, हातातल्या पर्समध्ये.

कपड्यांबद्दल काही कळवावं का?

एक ओळ पुरे. "समुद्राजवळ आहे, हाय हील्सच्या चपला आणू नका, संध्याकाळसाठी शाल असू द्या." पैठणीला खारा दमट वारा चांगला नाही, घरी गेल्यावर लगेच घडी न घालता सावलीत वाळवायची. नऊवारी वाळूवर मात्र एकदम छान, पायात येत नाही.

परदेशातून येणाऱ्यांना काय सांगू?

पासपोर्ट सोबत ठेवा, हॉटेलला परदेशी पाहुण्याची माहिती कळवावी लागते, चुलत भाऊ असला तरी पासपोर्ट तिकडचा असेल तर मागणारच. थोडे सुटे पैसे काढून ठेवा कारण रिक्षावाले यूपीआयवर चालतात आणि तिकडच्या कार्डावर नाही. आणि त्यांना कार्यक्रमांच्या वेळा अर्धा तास पुढच्या सांगा, ते बिचारे दिलेल्या वेळेला पोचतात.

मोकळ्या वेळात कुठे पाठवावं?

वयाप्रमाणे वाटा. आजी मंडळींना सिद्धिविनायक, मंगळवार सोडून, आणि जमलं तर महालक्ष्मी. लहान मुलं असतील तर भायखळ्याची राणीची बाग, पेंग्विन आहेत, बुधवारी बंद. हौशी मंडळींना सीएसएमटीपासून फोर्टमधून ओव्हल मैदानापर्यंत चालत फिरवा, एका बाजूला गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको, तो भाग २०१८ पासून जागतिक वारशात आहे आणि मुंबईकरांनाही तो नीट बघायला वेळ झालेला नसतो. घारापुरीचा मोह टाळा, गेटवेवरून जाताना तासभर, येताना तासभर, वर पायऱ्या, संगीताला कोणी पोचत नाही. कोणी सोमवारी थांबणार असेल तरी उपयोग नाही, सोमवारी लेणी बंद. खायला पाठवायचं तर दादर, प्रकाशचा साबुदाणावडा आणि पियुष, आस्वादची मिसळ, आणि शनिवारी तिथे रांग असते हे सांगून पाठवा.

रविवारी चेक-आउट अकराचं आणि मुहूर्त साडेबाराचा, बॅगा कुठे ठेवायच्या?

हा प्रश्न सगळ्यांना शनिवारी रात्री पडतो. हॉटेलशी बोलून दोन खोल्या संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवा, एक बायकांना कपडे बदलायला, एक पुरुषांना, त्याचे पैसे जातात पण शालू-शेरवानीवर कोणी डेक्कन क्वीन पकडत नाही. बाकी बॅगा सकाळीच टेम्पोत घालून हॉलवर, वरपक्षाच्या एका खोलीत, प्रत्येक बॅगेवर नाव आणि परतीच्या गाडीची वेळ लिहिलेला कागद. कुलपाची किल्ली जेवणात नसलेल्या, म्हणजे उपास असलेल्या माणसाकडे द्या, तो जागेवर सापडतो.